मुख्य कार्यालयातला डेटाबेस साइटवरून जोडला जात नाही : प्रिमावेरा पी६ आणि एसक्यूएल सर्व्हर

पेडणे_साइट

नमस्कार मंडळी. आमच्या बांधकाम कंपनीचे मुख्य कार्यालय पणजीत असून सध्या पेडणे आणि वेर्णा अशा दोन ठिकाणी कामे चालू आहेत. कामांचे वेळापत्रक आम्ही प्रिमावेरा पी६ प्रोफेशनलमध्ये ठेवतो. त्याचा डेटाबेस पणजीच्या सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे. साइटवरच्या नियोजन अभियंत्यांच्या संगणकांवर पी६ बसवलेले आहे आणि ते राउटर ते राउटर अशा व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी गुप्त बोगद्यातून, थेट त्या डेटाबेसला जोडले जाते. ही व्यवस्था आधीच्या तंत्रज्ञाने लावून दिली होती. तो आता कंपनीत नाही आणि त्याने काही लिहूनही ठेवलेले नाही.

पावसाच्या सुरुवातीला एका रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर बंद पडला. सकाळी तो चालू केल्यापासून पणजीतल्या सगळ्या संगणकांवर पी६ नीट उघडते, पण पेडण्याहून आणि वेर्ण्याहून उघडत नाही. पडद्यावर ‘बॅड पब्लिक युजरनेम ऑर पासवर्ड’ असे येते आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘एसक्यूएल सर्व्हर डझ नॉट एग्झिस्ट ऑर ॲक्सेस डिनाइड’ अशी ओळ असते. पासवर्ड आम्ही पुन्हा घालून पाहिला. पेडण्याच्या एका संगणकावरचे पी६ काढून नव्याने बसवले. सर्व्हरला पिंग केले तर उत्तर व्यवस्थित येते. पुरवठादाराचा माणूस म्हणतो की पासवर्ड बदलावा लागेल, पण तोच पासवर्ड पणजीत चालत असताना तो बदलून काय साधणार, हे मला कळत नाही. पुढे कसे जावे?

अंत्रूजकर

आपली शंका रास्त आहे, पासवर्डला हात लावू नका. पणजीतले संगणक त्याच पासवर्डावर चालत असल्यामुळे तो बदललात तर आज चालणारे कार्यालयही बंद पडेल.

पी६ चा तो संदेश अनेकांची दिशाभूल करतो, म्हणून आधी त्यामागची व्यवस्था सांगतो. पी६ उघडताना आपण आपले नाव आणि पासवर्ड देतो, पण डेटाबेसच्या दारात सर्वांत आधी आपण जात नाही. आधी पबयुजर नावाचे सार्वजनिक खाते आत जाते. ते एका ठराविक टेबलातून प्रिव्हयुजर या दुसऱ्या खात्याची गुप्त स्वरूपात साठवलेली ओळख वाचते. मग पी६ प्रिव्हयुजर म्हणून नव्याने जोडणी करते, आणि त्यानंतर कुठे आपले नाव आणि पासवर्ड पी६ च्या स्वतःच्या वापरकर्त्यांच्या टेबलाशी ताडून पाहिला जातो. म्हणजे पहिल्याच पायरीवर काहीही बिघडले, अगदी नेटवर्कची केबल निघालेली असली, तरी पी६ ला एवढेच कळते की पबयुजरला आत जाता आले नाही, आणि ते सरळ सार्वजनिक नावावर आणि पासवर्डावर ठपका ठेवते. खरे कारण दुसऱ्या ओळीत असते, कारण ती ओळ पी६ ची नसून खालच्या ड्रायव्हरची, म्हणजे डेटाबेसशी जोडणी करून देणाऱ्या भागाची, असते. आपल्या दुसऱ्या ओळीत पासवर्डाचा उल्लेखच नाही. सर्व्हर सापडला नाही किंवा त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही, एवढेच ती सांगते.

याची खातरजमा सर्व्हरच्या बाजूनेही करता येते आणि ती मी कधीच टाळत नाही. एसक्यूएल सर्व्हर नाकारलेल्या लॉगिनची नोंद मूळ सेटिंगमध्येच स्वतःच्या एरर लॉगमध्ये करतो. मॅनेजमेंट स्टुडिओत मॅनेजमेंटखाली एसक्यूएल सर्व्हर लॉग्ज उघडा, पेडण्याहून कुणाला तरी त्याच क्षणी प्रयत्न करायला सांगा आणि लॉग ताजा करा. १८४५६ क्रमांकाची नोंद दिसली तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि तिथे नाकारली गेली. तिच्यासोबत एक स्टेट क्रमांक असतो : ५ म्हणजे असे खातेच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ओळख स्वीकारतो आणि आपण एसक्यूएलचे खाते देत आहात. हा खरा क्रमांक फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतो. समोरच्या संगणकाला मुद्दाम नेहमी १ दाखवला जातो, म्हणजे बाहेरच्याला खात्यांचा अंदाज घेता येऊ नये. लॉगमध्ये काहीच उमटले नाही तर विनंती वाटेतच कुठे तरी अडली, आणि मग खाती आणि पासवर्ड यांचा विचार पूर्ण बाजूला ठेवायचा.

पिंगला उत्तर मिळते याचा अर्थ सर्व्हरचे यंत्र जागे आहे, इतकाच. पिंग पोर्टाला, म्हणजे यंत्रावरच्या एखाद्या प्रोग्रामच्या क्रमांकाच्या दाराला, विचारत नाही. पेडण्याच्या संगणकावर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही पाहा. नकार दोन-तीन सेकंदांत आला तर यंत्रापर्यंत पोहोचलात पण त्या पोर्टावर कुणी ऐकत नाही. वीसेक सेकंद शांतता आणि मग अपयश, असे झाले तर वाटेतला कुठला तरी फायरवॉल पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, गुपचूप टाकून देत आहे. लगेच मिळालेला नकार आणि बराच वेळ थांबून आलेले अपयश यांतला फरक पी६ च्या खिडकीत दिसत नाही, पण पुढचे सगळे काम त्यावरच ठरते.

तर मला तीन गोष्टी कळवा. सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद येते का? पी६ च्या जोडणीत सर्व्हरच्या नावापुढे इन्स्टन्सचे, म्हणजे त्या यंत्रावर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका प्रतीचे, वेगळे नाव आहे का? आणि टेस्ट-नेटकनेक्शनचे उत्तर किती वेळात येते?

सासष्टीचा_राजू

इतके लांबण कशाला लावायचे? सर्व्हरवरचा विंडोज फायरवॉल बंद करा, राउटरवर एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे १४३३ पोर्ट बाहेरून उघडा आणि साइटवरून थेट कार्यालयाच्या आयपीला जोडा. व्हीपीएनची भानगडच नको. आमच्याकडे दुसऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी असेच केले आहे आणि ते व्यवस्थित चालते.

मांडवीकाठ

राजूबाब, चालते हे खरे, पण ते ज्याला चालवायचे नसते त्यालाही चालते. मी एका कार्यालयाचे नेटवर्क सांभाळते आणि बाहेरून उघडलेल्या १४३३ वर पहिल्या दिवसापासून कोण कोण दार वाजवते हे फायरवॉलच्या लॉगमध्ये पाहिले आहे. एसए या सर्वाधिकार असलेल्या खात्यावर पासवर्डांचा मारा तासन् तास चालू असतो. इन्स्टन्सचे नाव वापरणारे लोक १४३३ बरोबर यूडीपी १४३४ ही (यूडीपी आणि टीसीपी या पाकिटे पाठवण्याच्या दोन पद्धती) उघडतात, आणि त्या पोर्टाचा इतिहास तर फारच वाईट आहे. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याच यूडीपी १४३४ वरून पसरला. तो अवघ्या ३७६ बाइटांचा होता, एका पाकिटात मावणारा, आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याला बळी पडू शकणाऱ्या बहुतेक यंत्रांना त्याने गाठले. त्यावरचा दुरुस्तीचा पॅच मायक्रोसॉफ्टने २००२ च्या जुलैतच दिलेला होता. तो बसवायचा राहिला होता, एवढेच.

दुसरे म्हणजे बाहेरून पोर्ट उघडण्यासाठी कार्यालयाला स्वतःचा सार्वजनिक आयपी असावा लागतो. हल्लीच्या स्वस्त फायबर जोडण्यांमध्ये तो बहुधा नसतो, अनेक ग्राहक एका पत्त्यामागे बसवलेले असतात. राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, बाजूला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला आयपी दिसत असेल तर आपण तशा सामायिक पत्त्यामागे आहात, आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही.

आणि विंडोज फायरवॉल चाचणीपुरता दोन मिनिटे बंद करणे वेगळे. तो तसाच ठेवला तर कार्यालयातला एखादा बाधित लॅपटॉप सरळ डेटाबेसपर्यंत जातो. पेडणेकरांना एवढेच सांगते की आपली मूळ व्हीपीएनची रचना बरोबर आहे, ती सोडू नका.

पेडणे_साइट

सगळ्यांचे आभार. अंत्रूजकरबाब, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. पेडण्याहून प्रयत्न केल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही नोंद येत नाही. पी६ च्या जोडणीत सर्व्हरच्या नावापुढे उलटी तिरकी रेघ देऊन इन्स्टन्सचे नाव आहे. १४३३ वर टेस्ट-नेटकनेक्शन केले तर पेडण्याहून वीस सेकंदांनी अपयश येते. गंमत म्हणजे तीच आज्ञा पणजीच्या कार्यालयातून दिली तरी अपयशच येते, आणि तरीही पणजीत पी६ चालते. हे कसे?

राउटरच्या फायरवॉलमध्ये व्हीपीएनसाठी दोन नियम सापडले. एकात यूडीपी १४३४ आहे आणि दुसऱ्यात टीसीपी ४९७१२. हा दुसरा आकडा कुठून आला असावा, याचा उलगडा होत नाही.

अंत्रूजकर

तो आकडा आपल्या आधीच्या तंत्रज्ञाने सर्व्हरकडे पाहूनच लिहिलेला आहे, आणि सगळे घोडे तिथेच पेंड खात आहे.

१४३३ हे एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ इन्स्टन्सचे पोर्ट. आपला इन्स्टन्स वेगळ्या नावाचा आहे, आणि अशा इन्स्टन्सला मूळ सेटिंगमध्ये ठरलेले पोर्ट नसते. सर्व्हिस सुरू होताना त्याला एक मोकळे पोर्ट मिळते. मग पी६ ला ते कळते कसे? पी६ चा ड्रायव्हर आधी यूडीपी १४३४ वर एसक्यूएल ब्राउझर नावाच्या सर्व्हिसला विचारतो की या नावाचा इन्स्टन्स कुठे बसला आहे, ब्राउझर पोर्टाचा क्रमांक सांगतो आणि मग ड्रायव्हर त्या पोर्टावर टीसीपी जोडणी करतो. १४३३ वर आपल्याकडे कुणी ऐकतच नाही, म्हणून पणजीतूनही ती चाचणी फसली.

एकदा मिळालेले पोर्ट सर्व्हर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच मागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे आकडा तोच राहतो आणि तो कायमचा आहे असे वाटू लागते. पण यंत्र अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि एसक्यूएल सर्व्हर जागा होण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते पोर्ट घेतलेले असले, तर सर्व्हर निमूटपणे दुसरे घेतो. त्या रात्रीनंतर आपल्याकडे हेच झाले असावे. आता पेडण्याहून ब्राउझरला विचारणा होते, ती १४३४ चा नियम असल्यामुळे पोहोचते, ब्राउझर नवे पोर्ट सांगतो, आणि त्या नव्या पोर्टाला राउटरवर नियम नसल्यामुळे पाकिटे पडून जातात. पणजीत मधे तो राउटर नाही, आणि विंडोज फायरवॉलमध्ये बहुधा पोर्टाऐवजी एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोग्रामलाच परवानगी दिलेली असेल, त्यामुळे पोर्ट कुठलेही असले तरी तिथे अडत नाही.

पडताळणी सोपी आहे. त्याच एरर लॉगच्या अगदी सुरुवातीला, सर्व्हिस सुरू झाल्याच्या वेळेजवळ, ‘सर्व्हर इज लिसनिंग ऑन’ अशी ओळ असते आणि त्यात पोर्ट लिहिलेले असते. तिथे ४९७१२ नसेल तर निदान पक्के.

राउटरवर नवा आकडा घालून पेडणे लगेच चालू होईल, पण पुढच्या पावसात हाच धागा पुन्हा वर येईल. पोर्ट कायमचे बांधून टाका. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आपल्या इन्स्टन्सच्या प्रोटोकॉलमध्ये टीसीपी/आयपी उघडा, आयपी ॲड्रेसेस या पानावर अगदी तळाशी आयपीऑल असा भाग आहे. तिथला टीसीपी डायनॅमिक पोर्ट्सचा रकाना पूर्ण रिकामा करा. शून्य ठेवू नका, कारण शून्याचा अर्थच ‘तूच निवड’ असा होतो. खालच्या टीसीपी पोर्टच्या रकान्यात १४३३ घाला, अर्थात त्या यंत्रावर दुसरा मूळ इन्स्टन्स नसेल तरच. त्यानंतर सर्व्हिस बंद करून सुरू करावी लागते, तोवर बदल लागू होत नाही. त्यामुळे हे संध्याकाळी सगळ्यांनी पी६ बंद केल्यावर आणि डेटाबेसचा बॅकअप घेऊनच करा. मग राउटरवर व्हीपीएनमधून येणाऱ्या टीसीपी १४३३ ला परवानगी द्या.

पी६ उघडण्याआधी जोडणी वेगळी तपासायची असेल तर साइटच्या संगणकावर एक रिकामी मजकूर फाइल करून तिचे एक्स्टेन्शन यूडीएल असे बदला आणि तिच्यावर दोनदा क्लिक करा. विंडोजची स्वतःची जोडणी तपासायची खिडकी उघडते. सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन पोर्टाचा क्रमांक लिहिलात की ब्राउझरला विचारायची गरजच राहत नाही. इथे जोडणी झाली आणि पी६ मध्ये झाली नाही, तर दोष पी६ च्या जोडणीच्या माहितीत आहे असे समजा.

मडगाव_मेज

आमचे प्रकरण वेगळे असले तरी जात तीच आहे, म्हणून इथेच विचारतो. आम्ही कामांच्या नोंदींसाठी रेडमाइन वापरतो, आणि गेल्या महिन्यात त्याचा मायएसक्यूएल डेटाबेस वेगळ्या उबुंटू सर्व्हरवर हलवला. आधी १३० क्रमांकाच्या पुढची काही तरी चूक येत होती, ‘होस्ट इज नॉट अलाउड’ अशी. ती कशीबशी मिटवली. आता जोडणी होते, पण जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा पान उघडले की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग चूक दिसते. पुन्हा उघडले की पान येते.

अंत्रूजकर

आपली पहिली चूक ११३० असावी. मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे नुसते नाव नसते, नाव आणि ते कुठून येते तो पत्ता यांची जोडी असते. लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच यंत्रावरून, येणारे रेडमाइनचे खाते आणि दुसऱ्या यंत्रावरून येणारे त्याच नावाचे खाते ही सर्व्हरच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत. डेटाबेस हलवताना नेमके हेच राहून जाते. ही चूक दिसली होती याचा अर्थ विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचत होती. उबुंटूच्या पॅकेजमध्ये बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ असा, म्हणजे फक्त त्याच यंत्रापुरता, असतो, तो बदलला नसता तर जोडणी दारातच नाकारली गेली असती आणि २००३ क्रमांकाची चूक दिसली असती. म्हणजे तेवढे आपण आधीच केलेले आहे.

जेवणानंतरच्या अडचणीत दोन सर्व्हरांच्या मधल्या फायरवॉलवर संशय घ्या. रेडमाइन आपल्या जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरते. तासभर काहीच हालचाल झाली नाही की फायरवॉल ती जोडणी आपल्या वहीतून खोडतो, आणि दोन्ही टोकांना त्याची कल्पना नसते. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट मूळ सेटिंगमध्ये २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, असतो. त्यामुळे सर्व्हर ती जोडणी जिवंतच समजतो. जोडणी जिवंत आहे का हे पाहणारे लिनक्सचे कीपअलाइव्हही पहिल्यांदा ७,२०० सेकंदांनी, दोन तासांनी, विचारणा करते. फायरवॉलची मुदत यांहून कमी असेल तर त्या मेलेल्या जोडणीवर पाठवलेली पहिली विनंती हवेत विरते. दोन्ही सर्व्हरांवर कीपअलाइव्हचा वेळ तीनशे सेकंदांपर्यंत खाली आणा. मात्र कर्नलची सेटिंग बदलली तरी प्रोग्रामने त्या जोडणीवर कीपअलाइव्ह मागितलेले असावे लागते. ते नसेल तर रेडमाइनच्या बाजूनेच निष्क्रिय जोडण्या लवकर बंद होतील असे पाहा.

पेडणे_साइट

पोर्ट बदलले. लॉगमध्ये खरोखरच ४९७१२ नव्हते, ५२ हजारांच्या पुढचा एक आकडा होता. आता १४३३ बांधले आणि पेडण्याला पहिल्याच प्रयत्नात पी६ उघडले.

वेर्ण्याचे मात्र वेगळेच झाले. तिथे आता जोडणी होते, नाव आणि पासवर्डही स्वीकारला जातो, पण प्रकल्पांची यादी येता येता पडदा गोठतो आणि काही मिनिटांनी जोडणी तुटल्याचा संदेश येतो. छोटा नमुना प्रकल्प असलेल्या वेगळ्या डेटाबेसला जोडले तर कधी कधी उघडतो. टेस्ट-नेटकनेक्शन यशस्वी दाखवते. वेर्ण्याची जुनी लाइन मे महिन्यात बदलून फायबर घेतली आहे.

मांडवीकाठ

अंत्रूजकरबाबांच्या आधी मीच लिहिते, कारण हा माझा विषय. लहान पाकिटे जातात आणि मोठी जात नाहीत, असा हा आजार आहे. जोडणीचा हात मिळवणे, नाव-पासवर्डची देवाणघेवाण, ही सगळी पाकिटे छोटी असतात. सर्व्हर यादी पाठवू लागला की भरलेली पाकिटे निघतात आणि ती बोगद्यात मावत नाहीत.

साध्या इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा १,५०० बाइटांची असते. फायबरची जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल, म्हणजे राउटरमध्ये नाव आणि पासवर्ड घालून ती चालू होत असेल, तर ८ बाइट तिथे जातात आणि १,४९२ उरतात. त्यावर व्हीपीएनचे गुप्तीकरण आपले वेष्टन चढवते, तेव्हा आतल्या पाकिटाला आणखी कमी जागा मिळते. नियमानुसार मधल्या राउटरने ‘पाकीट मोठे आहे, लहान करून पाठव’ असा आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कच्या सूचनांचा, संदेश परत पाठवायचा असतो. पण सुरक्षिततेच्या नावाखाली कुणी तरी आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवते, किंवा फक्त पिंगला परवानगी देऊन बाकीचे अडवते, आणि मग पणजीचा सर्व्हर तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

हे वेर्ण्याच्या संगणकावरून मोजता येते. पिंगच्या आज्ञेत उणे एफ म्हणजे पाकीट तोडू नको आणि उणे एल म्हणजे आतला मजकूर किती बाइटांचा. व्हीपीएनमधून सर्व्हरला १,४७२ घालून पाठवा. उत्तर येणार नाही. मग १,३०० घाला, ते येईल. मधले आकडे घालून नेमकी सीमा शोधा. मिळालेल्या आकड्यात २८ मिळवले की बोगद्याची खरी मर्यादा कळते, कारण आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वर असतात. सीमेच्या वर ‘पॅकेट नीड्स टु बी फ्रॅगमेंटेड’ असे न येता नुसतेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर मधला राउटर गप्प बसतो आहे हे सिद्ध झाले.

उपाय राउटरवर करायचा. प्रत्येक संगणकावर हात लावत फिरू नका. व्हीपीएनच्या नियमात टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पाकिटात मावणारा मजकूर, आवळायची सोय बहुतेक राउटरांत असते. बोगद्याच्या मर्यादेतून ४० वजा केले की वरची मर्यादा मिळते, त्याहून थोडा कमी आकडा ठेवा. आणि शक्य असेल तर ‘लहान करून पाठव’ हा आयसीएमपीचा प्रकार तीन, कोड चार, दोन्ही टोकांना मोकळा करा.

जाता जाता एक गोष्ट. सर्व्हरचे आणि दोन्ही राउटरांचे घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवून ठेवा. नाही तर फायरवॉलच्या लॉगमधली नोंद आणि एसक्यूएलच्या लॉगमधली नोंद एकमेकांशी लावताना डोके फिरते. तसेही सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये घड्याळे जुळवणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे, हे दोन्ही आहे.

पेडणे_साइट

मांडवीकाठताई, सीमा सापडली. १,३९४ ला उत्तर येते, १,३९५ ला नुसती शांतता. म्हणजे मर्यादा १,४२२ ची. राउटरवर एमएसएस १,३६० ठेवला आणि वेर्ण्याचा पडदा गोठणे थांबले. मोठा प्रकल्पही उघडतो.

आता राहिला वेग. पणजीत जो प्रकल्प क्षणात उघडतो त्याला दोन्ही साइटवर दीड-दोन मिनिटे लागतात. लाइन चांगली शंभर एमबीपीएसची आहे. ती आणखी वाढवावी का?

अंत्रूजकर

लाइन वाढवून पैसे जातील, वेळ तेवढाच लागेल. पी६ चा हा प्रकार डेटाबेसशी फार गप्पा मारतो. एक प्रकल्प उघडताना शेकडो, कधी हजारो छोट्या विचारणा होतात आणि पुष्कळदा आधीचे उत्तर आल्याशिवाय पुढची जात नाही. समजा दोन हजार विचारणा आहेत. कार्यालयात एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर एकूण एक सेकंद. साइटवरून एका फेरीला ४० मिलिसेकंद लागले तर ८० सेकंद, आणि इथे लाइनची रुंदी कुठेच आडवी येत नाही. पेडणे पणजीपासून जवळ असले तरी दोन्ही टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असल्या की पाकीट मुंबईपर्यंत जाऊन परत येणे नवीन नाही. साध्या पिंगचा वेळ पाहा, म्हणजे अंदाज येईल. दोन्ही टोकांना एकाच पुरवठादाराची जोडणी घेतल्याने तो वेळ कमी होत असेल तर तेवढे करण्यासारखे आहे.

खरा इलाज म्हणजे पी६ लाच डेटाबेसजवळ ठेवणे. पणजीत एका वेगळ्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची व्यवस्था करा, तिथे पी६ बसवा आणि साइटच्या अभियंत्यांनी व्हीपीएनमधून त्या डेस्कटॉपवर काम करावे. मग लाइनवरून फक्त पडद्याचे चित्र आणि कळफलकाच्या हालचाली जातात, आणि मधेच जोडणी तुटली तरी पी६ पणजीत चालूच राहते, उघडा प्रकल्प अर्धवट लिहिला जाण्याचा धोका टळतो. रिमोट डेस्कटॉपचे परवाने वेगळे घ्यावे लागतात, तो खर्च आधी काढून साहेबांपुढे ठेवा. तो दर महिन्याच्या वाढीव लाइनच्या बिलाशेजारी मांडून पाहा.

सासष्टीचा_राजू

आमच्याकडचे १४३३ बाहेरून बंद करायला सांगितले आहे. व्हीपीएन कोणते घ्यावे? साइटला मोबाइलचे सिम असलेला राउटर आहे, स्वतःचा आयपी नाही.

मांडवीकाठ

साइटला स्वतःचा आयपी नसला तरी चालते. कार्यालयाच्या टोकाला सार्वजनिक आयपी असला म्हणजे पुरे, कारण जोडणी साइटकडून सुरू होते. वायरगार्ड हे व्हीपीएन पाहा, राउटर त्याला पाठिंबा देत असेल तर सोपे पडते. साइटच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाही तर मोबाइल कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे ती वाट थोड्या वेळाने बंद होते आणि कार्यालयाकडून साइटला पोहोचता येत नाही. कार्यालयाकडे यूडीपीचे एकच पोर्ट उघडावे लागेल, आणि योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हे कळतही नाही.

पेडणे_साइट

रिमोट डेस्कटॉपचा प्रस्ताव पाठवला आहे. दरम्यान राउटरवरचा ४९७१२ चा जुना नियम काढून टाकला. यूडीपी १४३४ चा नियम ठेवावा का?

अंत्रूजकर

साइटच्या सगळ्या संगणकांवर पी६ च्या जोडणीत पोर्ट थेट लिहून झाले असेल तर नको. एखादा संगणक राहिला असेल तर तो नियम काढल्याबरोबर अडेल आणि आपल्याला लगेच कळेल, म्हणून कामाच्या वेळेत, माणसे जागेवर असताना काढा. नव्या नियमांच्या वर्णनाच्या रकान्यात तारीख आणि कारण मात्र लिहून ठेवा.